लाडक्याचं लोढणं

हर्षदाचं पत्र आलं तेव्हा शिमगा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. साधं पाकीट, आत वहीचा फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मी ते वाचनालयात वाचलं, घरी येऊन पुन्हा वाचलं आणि शब्दकोशात ठेवलं. शब्दकोश मी रोज उघडतो, म्हणजे पत्र रोज समोर येईल आणि उत्तर लिहून होईल, असा माझा हिशेब होता. झालं उलटंच. मी शब्दकोश उघडणं सोडून दिलं.

पत्र असं होतं :

"सर, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते. आजीवर पाड्यात आळ आला आहे. ढवळूकाका म्हणतात की लाडक्याच्या मानेची जखम आजीने केली. संस्थेला जास्त कुत्री दाखवायची म्हणून तिने त्याला तारेने बांधून ठेवलं, असं ते सगळ्यांना सांगतात. संस्थेचे लोक एप्रिलमध्ये चौकशीला येणार आहेत. ट्रक गेला त्या दिवशी आजी खोडाळ्याला आत्याकडे होती, चौथ्या दिवशी परत आली. तुम्ही मात्र त्या दिवशी पाड्यावर होता. लाडक्याच्या गळ्यात दोर आधीपासून होता, एवढंच लिहा. आजी म्हणते, तो कोणी सोडायचा होता ते सरांना लिहायला लावू नको. चार ओळी पुरेत, सर. तुमचं अक्षर सगळे ओळखतात."

हर्षदा नाशिकला नर्सिंग शिकते. शाळेत असताना जव्हारच्या वसतिगृहात राहायची आणि मी ग्रंथपाल होतो त्या वाचनालयात येऊन बसायची. तिची आजी, सुकरीबाई, पोशेऱ्याच्या एका पाड्यावर एकटी राहते. निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा पिशवीभर पुस्तकं घेऊन एसटीने त्या पाड्यावर जाऊ लागलो तेही हर्षदाने सुचवलं म्हणून. पाड्यावर मला गुरुजी म्हणतात. मी आयुष्यात एक तासही शिकवलेलं नाही. पहिल्यांदा कुणी गुरुजी म्हणालं तेव्हा मी नुसती मान हलवली आणि तेच नाव पडलं. माझ्या बऱ्याच गोष्टी अशा मान हलवून झालेल्या आहेत.

"आजी म्हणते, तो कोणी सोडायचा होता ते सरांना लिहायला लावू नको." त्या ओळीवरून कळत होतं की सुकरीबाईला ठाऊक आहे.

दिवाळी झाली की पाड्यावर ट्रक येतो. धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे, आणि शिमग्याला परततात. घरची कुत्री ट्रकमागे धावतात. ढवळूचं आधीचं कुत्रं, काळ्या, असंच धावत घाटापर्यंत गेलं आणि मागून येणाऱ्या टेम्पोखाली आलं. ढवळूच्या बायकोने, सकूने, ते ट्रकच्या फळीवरून पाहिलं. म्हणून आता निघायच्या सकाळी कुत्र्याच्या गळ्यात लोढणं बांधतात. हातभर लाकडी ओंडका, दोराने लोंबता. कुत्र्याला चालता येतं, पण धावलं की ओंडका पायांत येतो. ट्रक लांब गेला की मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी ते सोडायचं. आणि जो सोडेल त्याने शिमग्यापर्यंत त्या कुत्र्याला खाऊ घालायचं, असा पाड्याचा नियम आहे. मागे राहतात ती म्हातारी माणसं, स्वतःच पेजेवर दिवस काढणारी. त्यामुळे सोडायला कुणी लवकर पुढे होत नाही.

सुकरीबाई व्हायची. दरवर्षी ट्रक गेला की ती विळा घेऊन निघे आणि एकेक दोर कापत जाई. तिच्या गोठ्यात अकरा कुत्री होती. हर्षदाने ठाण्याच्या एका संस्थेला फोटो पाठवले तेव्हा त्यांनी गोठ्यावर पत्रे घालून दिले, कुत्र्यांना सुया टोचल्या, महिन्याला खाण्याची पोती पाठवू लागले आणि बाहेर एक निळी पाटी लावली, 'प्राणी निवारा'. ती पाटी मीच सुकरीबाईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "निवारा तर आधीपासून होता. पाटीला कोण चावतंय, राहू दे."

गेल्या वर्षी ट्रक आला त्याच दिवशी मी पुस्तकं घेऊन गेलो होतो. सुकरीबाईच्या दाराला कडी होती आणि तिची कुत्री गोठ्यात होती. त्यांना पेज घालायचं काम ती शेजारच्या सावळाबाबांना सांगून गेली होती. शाळेच्या ओट्यावर मी पिशवी ठेवली. समोर ट्रकमध्ये टोपल्या, पातेली, कोंबड्या चढत होत्या.

"गुरुजी, एक पुस्तक आमाला पण द्या," सकू वरून ओरडली. "भट्टीवर विटांना वाचून दाखवते. त्या तरी गप ऐकतील."

"तू गप बसशील तर ना त्या ऐकतील," ढवळू म्हणाला. ट्रक हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

ढवळू लाडक्याला घेऊन माझ्याकडे आला. तांबूस रंगाचं, वर्षा-दीड वर्षाचं कुत्रं, एक कान पडलेला. गळ्यात ओंडका. दोर नायलॉनचा होता, निळा.

"गुरुजी, तुमी चारच्या गाडीनं जाणार ना? मग तीनला ह्याचा दोर सोडा. तवर आमी वाडा गावाच्या पुढं गेलेलो असू." माझा चेहरा पाहून त्याने पुढे सांगितलं, "तुमाला नियम नाय. तुमी पावणे. तुमी सोडला म्हणजे तो तुमच्या गळ्यात नाय पडत. चार दिवसांनी सुकरी येईल, ती बघेल त्याचं."

मी मान हलवली.

ट्रक गेला. लाडक्या मागे निघाला, ओंडका पायांत आला, पडला, उठला, पुन्हा पडला. मग वळणाकडे तोंड करून बसून राहिला.

सावळाबाबा त्यांच्या ओट्यावर विडी ओढत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला म्हणाले, "गुरुजी, हात लावाल तर बघा हां. शिमग्यापर्यंत रोज जव्हारवरनं भाकर घेऊन यावं लागंल."

ती मस्करी होती, हे आज मला दिसतं. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं तर तेव्हाही दिसलं असतं. पण मी नियम ऐकला की तो खराच धरतो, ही माझी जुनी खोड. मी विचार करत बसलो. ढवळू म्हणतो पाहुण्याला नियम नाही, सावळाबाबा म्हणतात आहे. पाड्याचं कोण जास्त जाणतं? जव्हारला माझी एक खोली, घरमालकाला मांजरदेखील चालत नाही. रोज एसटीने यायचं? आणि मी सोडून निघून गेलो, तर गुरुजींनी सोडलं आणि उपाशी टाकलं, असं नाही का म्हणणार?

तीन वाजले. मी लाडक्याजवळ गेलो. हात पुढे केला. तो गुरगुरला असता तर मला सबब मिळाली असती. त्याने शेपूट हलवली आणि मान वर केली, गाठ समोर यावी अशी. मी गाठ पाहिली. ती घट्ट नव्हती. मी हात मागे घेतला, पिशवी उचलली आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहत उभा राहिलो. सावळाबाबा आहेत, बघतील, असं मी स्वतःला सांगितलं. सावळाबाबांना वाटलं, गुरुजींनी सोडलं.

चौथ्या दिवशी सुकरीबाई आली तेव्हा लाडक्या ओहोळात होता. पाणी प्यायला उतरला असेल. ओंडका दोन धोंड्यांमध्ये अडकला होता आणि ओढून ओढून गाठ आवळत गेली होती. दोर कातडीच्या आत गेला होता. तिने विळ्याने कापला. मग महिनाभर जखमेवर हळद आणि कडुनिंबाचा पाला वाटून लावला. लाडक्या जगला. मानेभोवती मात्र केस आले नाहीत, गुलाबी रेघ राहिली.

शिमग्याला ढवळू परतला आणि ती रेघ त्याला दिसली.

त्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याने सरळ विचार केला. लोढणं सोडायला त्याने गुरुजींना सांगितलं होतं, गुरुजींनी मान हलवली होती, गुरुजी शिकलेला माणूस, म्हणजे लोढणं सुटलं होतं. मग दोर मानेत कसा रुतला? सुकरीने नंतर बांधला म्हणून. सुकरी शपथा घेऊन सांगत होती, पण तिच्या शपथेपेक्षा माझी मान जड ठरली.

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. पुस्तकांच्या जुन्या कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चौदा मसुदे केले. "दोर आधीपासून होता" असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप येई : मग तुम्ही काय करत होता? ते टाळायला मी वाक्यं फिरवत राहिलो. एक मसुदा तर इतका छान झाला होता की त्यात लाडक्याचं नावच नव्हतं.

एप्रिलमध्ये संस्थेचे लोक आले. त्यांच्यातल्या सपनाताई नावाच्या बाई सगळं विचारत होत्या. चांगल्या बाई. चपला काढून ओट्यावर बसल्या, दिलेलं पाणी प्यायल्या. मी तिथे होतो. आपण नुसतं जाऊन बसलो तरी धीर होईल आणि बोलता येईल, असं मला वाटलं होतं.

"मी गाठ घट्ट बांधली नव्हती, ही सकू पण सांगेल," ढवळू सांगत होता. "आन् सोडायला गुरुजींना सांगितलेलं. हे काय बसलेत समोर."

"आधी एक कुत्रं मेलं आमचं," सकू म्हणाली. "माझा जीव होता त्याच्यावर. ह्याच्यावर पण आहे. आमी कशाला मान कापू त्याची?"

सपनाताई माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही सोडला होतात ना दोर?"

सगळा पाडा माझ्याकडे पाहत होता. सुकरीबाई गोठ्याच्या दारात बसली होती. ती मात्र पाहत नव्हती. एका पिल्लाच्या कानातल्या गोचिड्या काढत होती.

"सोडला ना," ढवळू म्हणाला. "गुरुजी माणूस खोटं बोलेल का?"

मी खाली पाहिलं. मान खाली गेली आणि वर आली. मी ती हलवली की नुसती उचलली, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारून पाहिलं आहे. पाहणाऱ्यांना ते होय दिसलं.

सुकरीबाईने एक गोचीड दगडावर चिरडली आणि म्हणाली, "जाऊ दे आता. न्या तुमचे पत्रे."

त्यांनी पत्रे नेले. ज्यांना घर नव्हतं ती चार कुत्री पिंजऱ्यात घालून त्याच टेम्पोत नेली. बाकीची ज्याची त्याने घरी नेली, लाडक्या ढवळूकडे गेला. निळी पाटी तेवढी राहिली. सकूने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवली.

त्यानंतर मी पाड्यावर जाणं बंद केलं. गुडघे दुखतात, असं विचारणाऱ्यांना सांगत असे. विचारणारे दोघेच होते.

यंदा दिवाळी होऊन दोन आठवडे झाले आणि मला झोप येईना. मी पुस्तकांची पिशवी न घेताच गेलो. ट्रक केव्हाच गेला होता. पाडा रिकामा. फाट्यापासून आत येताना पहिल्याच घरापाशी एक कुत्रं दिसलं, गळ्यात लोढणं. पुढे आणखी एक. तिसरं, पोश्या नावाचं म्हातारं कुत्रं, शाळेच्या ओट्याखाली पडून होतं. बरगड्या मोजता येत होत्या. ओंडका त्याच्या पुढच्या पायांवर आडवा होता.

सुकरीबाई तिच्या ओट्यावर नागली पाखडत होती. मी समोर उभा राहिलो. तिने बसा म्हटलं नाही.

"सुकरीबाई, लाडक्या कुठं आहे?"

"ओहोळात."

मी तिकडे जायला वळलो.

"कशाला जाता? मागच्या शनिवारी गेला तो." सूप चालूच होतं. "त्याच धोंड्यात अडकला. चार दिवस ओरडत होता. मला इथं ऐकू येत होतं."

"तुम्ही..." मी म्हणालो.

"मी नाय गेले." आता तिने सूप खाली ठेवलं. "विळा इथंच होता, हा बघा. दोनदा हातात घेतला. मग वाटलं, परत मानेवर वळ दिसंल, परत सगळे म्हणतील सुकरीनं केलं. कानात कापूस घालून बसले. चार दिवस. पाचव्या दिवशी ओरडायचा बंद झाला, तवा कापूस काढला."

सावळाबाबा पलीकडून म्हणाले, "गुरुजी आलेत का? पुस्तकं आणली का गुरुजी?"

ही बाई वर्षानुवर्षं एकेक दोर कापत गेली होती. तिला कानात कापूस घालायला मी लावलं होतं. मी काही न करता तिला शिकवलं होतं. गुरुजी हे नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा लागू पडलं.

मी विळा उचलला. तिने अडवलं नाही. पोश्याजवळ गेलो, गुडघ्यावर बसलो. दोर कापायला पुष्कळ वेळ लागला. पोश्याने डोळेही उघडले नाहीत. मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्याने मला चावायचा प्रयत्न केला. मला बरं वाटलं.

मी विळा परत आणून ठेवला तेव्हा सुकरीबाई म्हणाली, "सोडलीत ना? आता तुमची झाली ती. शिमग्यापर्यंत."

"हो."

"रोज येणार जव्हारवरनं?"

मी मान हलवणार होतो. तिने हात वर केला.

"मान नको, गुरुजी. तुमच्या मानेनं लय झालं. तोंडानं पण नको, तुमचं तोंड आयत्या वेळी मिटतं. कागदावर लिवा. हर्षदा येऊन शिमग्याला वाचंल, ढवळूसमोर, सगळ्यांसमोर. त्या ठाण्याच्या बाईला पण पाठवा." तिने पुन्हा सूप उचललं. "तवर मी घालते ह्यांना पेज, तुमच्या नावानं. कागद आला नाय तर ओंडके तिथंच पडलेत. परत बांधीन."

"बांधाल?"

"मागच्या वर्षी इचारलं असतंत तर नाय म्हटलं असतं."

चारच्या एसटीने मी परतलो. घरी आलो, शब्दकोश काढला, हर्षदाचं पत्र समोर ठेवलं. मसुदा केला नाही. लिहिलं ते असं :

"चि. हर्षदा, तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिलं नाही. लाडक्याचं लोढणं सोडायचं काम ढवळूने माझ्यावर सोपवलं होतं. मी होय म्हणालो आणि सोडलं नाही. तीन वाजता मी त्याच्याजवळ गेलो होतो, गाठ सैल होती, सोडणं सोपं होतं. मी न सोडता चारच्या गाडीने निघून आलो. तुझ्या आजीने चौथ्या दिवशी दोर कापला म्हणून तो वाचला. एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. त्यामुळे निवारा मोडला. लाडक्या या दिवाळीनंतर त्याच ठिकाणी मेला. त्याला कुणी सोडलं नाही, कारण सोडणारीला आपण चोर ठरवलं होतं. हे पत्र शिमग्याला पाड्यावर मोठ्याने वाच. मी तिथे असेन. नसलो तरी वाच."

"आपण" खोडून "मी" केलं. खाली सही केली, पूर्ण नाव, हेमंत नारायण भोये. पाड्यावर ते कुणालाच माहीत नाही, म्हणून कंसात गुरुजी लिहिलं. मग तोही शब्द खोडला. मग वाटलं, खोडला तर ओळखणार कसं, म्हणून पुन्हा लिहिला. दुसरी प्रत सपनाताईंसाठी केली, शब्दाला शब्द तीच.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवर उमेश होता. लहानपणी वाचनालयातून नेलेली दोन पुस्तकं त्याने अजून परत केलेली नाहीत. मला पाहिलं की त्याला तीच आठवतात.

"काका, पुस्तकं आणून देतो हां, नक्की," तो म्हणाला.

"राहू दे. ही दोन पाकिटं. स्पीड पोस्ट."

त्याने वजन केलं, पत्ते टाइप केले. "नाशिक आणि ठाणे. पाठवणाऱ्याचं नाव?"

मी नाव सांगितलं. तो थांबला.

"भोये? इतकी वर्षं मला वाटायचं तुमचं आडनाव ग्रंथपालच आहे." तो हसला, पाकिटांवर स्टिकर चिकटवले. "अर्जंट आहे का काही?"

"उशीर झाला आहे," मी म्हणालो.

"परवा पोचेल की," असं म्हणून त्याने दोन्ही पाकिटं मागच्या पिशवीत टाकली.